गंगेतील डॉल्फिन-दर्शन : एक फेरी इंजिनाची, एक वल्ह्यांची

बिहारमधील भागलपूर परिसरात गंगेतील डॉल्फिन दाखवून आणणाऱ्या खासगी नावांच्या दोन फेऱ्या मी गेल्या फेब्रुवारीत लागोपाठ दोन दिवशी केल्या. पहिली फेरी भागलपूरच्या एका घाटावरून इंजिनाच्या नावेतून होती आणि दुसरी कहलगावहून वल्ह्यांच्या नावेतून. डॉल्फिन दोन्ही वेळा दिसले. संख्येचा हिशेब केला तर पहिल्या दिवशी अधिक वेळा आणि अधिक जवळून दिसले. तरीही पहिल्या फेरीची शिफारस मी कोणालाही करणार नाही, आणि दुसरीसाठी मात्र एवढा लांबचा प्रवास पुन्हा करण्याची माझी तयारी आहे. तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या निष्कर्षाची कारणे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जागेविषयी. सुलतानगंजपासून कहलगावपर्यंतचा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१ मध्ये विक्रमशिला गंगा डॉल्फिन अभयारण्य म्हणून घोषित झाला. कहलगावजवळ अंतीचक येथे ज्या प्राचीन विद्यापीठाचे अवशेष आहेत, त्याचे नाव या अभयारण्याला मिळाले आहे. अभयारण्य म्हटले की आपल्या मनात फाटक, तिकीटखिडकी, नोंदणी झालेला वाटाड्या आणि ठरलेली वेळ असे चित्र येते. मी गेलो त्या घाटांवर यांतले काहीही नव्हते. नदीला कुंपण घालता येत नाही, आणि हा पट्टा तर माणसांनी गजबजलेला आहे. घाटावर स्नान चालू असते, पलीकडच्या दियाऱ्यात, म्हणजे नदीने गाळ टाकून तयार केलेल्या बेटांवर आणि किनारपट्टीवर, शेती चालू असते, मधल्या पाण्यात जाळी पडलेली असतात, आणि याच प्रवाहातून हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटर लांबीचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ जातो. त्यामुळे येथे डॉल्फिन पाहायला जाणे म्हणजे राखीव जंगलात जाणे नव्हे. आपण माणसांच्या वहिवाटीच्या नदीत जातो, आणि तिथे आपल्यासारखाच आणखी एक सस्तन प्राणी हजारो वर्षे वहिवाट करून आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारण्यास मनाई केली आहे त्यांत ‘गंगापुपुटक’ असे एक नाव येते, आणि ते याच डॉल्फिनाचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

त्या प्राण्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय फेरीचे मूल्यमापन करता येणार नाही. चित्रांत दिसणारा, पाण्याबाहेर उंच उडी मारणारा समुद्री डॉल्फिन मनात घेऊन जो जाईल त्याची निराशा होईल. गंगेतला डॉल्फिन, ज्याला तिथले लोक सोंस म्हणतात, श्वास घेण्यापुरता वर येतो. करड्या रंगाची पाठ आणि कधी लांब, चिमट्यासारखी चोच क्षणभर दिसते, आणि पाणी पुन्हा मिटते. तोंड मिटलेले असतानाही पुढचे दात बाहेर दिसतात. मादी नरापेक्षा मोठी असते आणि तिची लांबी अडीच मीटरपर्यंत जाते. या प्राण्याच्या डोळ्यांत भिंग नसते, त्यामुळे त्याला उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. गंगेच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोगही मर्यादितच आहे. तो सतत बारीक टिकटिक सोडतो, तिचे प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यांवरून मासा कुठे आहे, वाळू कुठे आहे, जाळे कुठे आहे हे ओळखतो. बरेचदा एका कुशीवर पोहत तो तळ चाचपतो. थोडक्यात, आवाज हीच त्याची दृष्टी आहे, आणि इंजिनाच्या सततच्या धडधडीत त्याला ठेवणे म्हणजे आपल्या डोळ्यांवर कोणी प्रखर दिवा रोखून धरण्यासारखे आहे.

हे केवळ माझे भावनिक विधान नाही. मयुख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गंगेतील डॉल्फिनांवर जलवाहनांच्या आवाजाचा काय परिणाम होतो हे तपासले होते. कोरड्या महिन्यांत पाणी उथळ झालेले असताना वाहनांचा आवाज वाढला की डॉल्फिनांना आपल्या ध्वनींत बदल करावे लागतात आणि त्यांच्या शरीरावरील ताण वाढतो, असे त्यांना आढळले. पर्यटकांचा हंगामही नेमका याच कोरड्या महिन्यांत असतो. म्हणून डॉल्फिन दाखवणाऱ्या कोणत्याही नावेला मी पहिला प्रश्न इंजिनाविषयी विचारतो. किती डॉल्फिन दिसले, हा प्रश्न माझ्या लेखी त्यानंतरचा आहे.

आता पहिली फेरी. घाटावर दर लिहिलेला नव्हता. भाडे तोंडी ठरले आणि पावती मिळाली नाही. ‘सोंस दिसला नाही तर पैसे परत’ असे आश्वासन मात्र न विचारता मिळाले. या फेरीतले बहुतेक दोष याच आश्वासनातून जन्माला आले, असे मला नंतर वाटले. डॉल्फिन दाखवलाच पाहिजे असे एकदा कबूल केले की नाव चालवणाऱ्याला थांबणे परवडत नाही. डिझेल इंजिनाच्या दणदणाटात आम्ही नदीच्या वळणावरील खोल पाण्याकडे गेलो, तेव्हा तिथे आणखी दोन नावा आधीच फिरत होत्या. पाठ दिसली की तिन्ही नावा तिकडे वळत, तोवर ती पाठ बुडालेली असे, आणि पुन्हा दुसरीकडे दिसली की पुन्हा वळत. आमच्या नावेत गाणी लावलेली होती. ती बंद करण्याची विनंती केल्यावर ती लगेच बंद झाली, हे नोंदवले पाहिजे. इंजिन मात्र बंद झाले नाही. “बंद करेंगे तो नाव बह जाएगी,” असे उत्तर आले. प्रवाहाचा वेग मला माहीत नव्हता, त्यामुळे मी अधिक आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवसाचा अनुभव घेतल्यावर तो धरायला हवा होता असे वाटते.

सुमारे अर्ध्या तासानंतर एक मादी आणि तिचे पिल्लू दिसले. पिल्लू गडद, चॉकलेटी रंगाचे होते आणि आईच्या पाठीला लागून वर आले. सहप्रवाशांना आनंद झाला, मलाही झाला. पण पुढच्याच मिनिटाला नाव त्या दिशेने घुसली. नंतर आई वर आली ती नावेच्या एका बाजूला आणि पिल्लू वर आले ते दुसऱ्या बाजूला. मध्ये आमचे इंजिन होते. हे काही क्षणांचेच असेल आणि ती दोघे लगेच एकत्र आलीही असतील, पण या प्राण्यांच्या मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होते, आणि सुट्टीच्या सकाळी हौसेने आलेल्या सहा माणसांनी त्या जोडीच्या मध्ये जाणे मला सहन झाले नाही. मी परत फिरण्याची विनंती केली. इतरांची इच्छा वेगळी होती, आणि त्यांचेही पैसे गेलेले होते. आम्ही आणखी पाऊण तास तिथेच फिरत राहिलो.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. सुरक्षा-जॅकेटे माणसांपेक्षा कमी होती आणि मला मिळालेल्या जॅकेटाचा पट्टा लागत नव्हता. खाऊची रिकामी पाकिटे पाण्यात टाकली गेली. दिलेली माहिती चुकीची होती: डॉल्फिन हा मासा आहे आणि नाव पाहून तो खेळायला येतो, असे आम्हाला सांगण्यात आले. नाव चालवणारा तरुण स्वभावाने चांगला होता आणि पाण्यावर त्याचा हात कुशल होता. त्याला कोणी काही शिकवलेले नाही, आणि जवळ ने, अजून जवळ ने, असे सांगणारे प्रवासी त्याला रोज भेटतात. या फेरीला मी पाचपैकी दीड गुण देईन, आणि त्या कमी गुणांत आम्हा प्रवाशांचाही वाटा धरावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कहलगावला गेलो. येथे गंगेच्या ऐन पात्रात खडकांची तीन बेटे आहेत. प्रवाह या खडकांना आपटून वळतो, त्यांच्या मागे भोवरे आणि खोल पाणी तयार होते, तिथे मासे जमतात आणि माशांमागे सोंस येतात. नदीतील डॉल्फिनांचे राहणीमान ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही जागा पाहावी. कोरड्या महिन्यांत सगळी नदी त्यांना सारखी उपयोगाची नसते. वळणे, संगम, खडकांमागची कुंडे अशा मोजक्या ठिकाणी ते एकवटतात. पाणी आणखी कमी झाले, उपसा वाढला किंवा गाळ काढताना कुंडाचा आकार बदलला तर त्यांच्यापुढे दुसरीकडे जाण्याचे फारसे पर्याय उरत नाहीत.

नाव एका वयस्कर मच्छीमाराची होती. सोबत त्यांचा पुतण्या होता. मी त्यांना चाचा म्हणत होतो आणि ते मला बाबू म्हणत होते. निघण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या: सोंस दिसेल की नाही हे ते सांगू शकत नाहीत, आणि नावेत उभे राहायचे नाही. पुतण्याने किनाऱ्याच्या कडेकडेने, जिथे प्रवाह मंद असतो, तिथून नाव वरच्या अंगाला नेली. मग ती मधल्या पाण्यात आणून त्याने वल्ही आत घेतली. नाव आपोआप खाली वाहू लागली. आदल्या दिवशी ज्या ‘वाहून जाण्याची’ मला भीती घातली गेली होती, तीच येथे डॉल्फिन पाहण्याची पद्धत होती. पुतण्या अधूनमधून एक वल्हे पाण्यात धरून दिशा सुधारत होता, इतकेच.

पहिला सोंस मला दिसला नाही, ऐकू आला. पाठीमागून एक जोराचा, ओलसर उच्छ्वास आला. वळून पाहीपर्यंत पाण्यावर फक्त वर्तुळे होती. चाचा म्हणाले, हेच त्याचे नाव. सोंस, सूंस, बंगालीत शुशुक. नदीकाठच्या लोकांनी या प्राण्याला जी नावे दिली ती त्याच्या श्वासाच्या आवाजावरून, आणि इंजिनाच्या नावेत बसून हे नाव कधीच कळले नसते. त्यानंतरच्या पावणेदोन तासांत आम्हाला चौदा वेळा पाठ दिसली. त्यांत वेगवेगळे प्राणी किती होते हे सांगता येणार नाही, बहुधा तीन किंवा चार. एकदा एक सोंस नावेपासून दहा-बारा हातांवर वर आला. आम्ही त्याच्याकडे गेलो नव्हतो, तोच आमच्याकडे आला होता. जवळून दिसलेली ती चोच, तिच्यावरून ओघळणारे पाणी आणि लगेच मिटलेला प्रवाह हे एका श्वासापुरते दृश्य आदल्या दिवशीच्या सगळ्या धावपळीपेक्षा मला मोलाचे वाटले.

या फेरीची खरी श्रीमंती मात्र चाचांच्या बोलण्यात होती, आणि ते कोणी पढवलेले बोलणे नव्हते. नायलॉनच्या बारीक धाग्याच्या जाळ्यात सोंस कसा अडकतो हे त्यांनी स्वतःच्या जाळ्याचा तुकडा हातात धरून समजावले. हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो. जाळ्यात गुरफटला आणि वर येता आले नाही तर तो बुडून मरतो. मुद्दाम मारण्यापेक्षा अशा मरणाची भीती आज अधिक आहे. पूर्वी त्याची चरबी वितळवून काढलेले तेल बचवा आणि तशा माशांना आकर्षित करण्यासाठी वापरत असत, हेही त्यांनी संकोच न करता सांगितले. आता आपल्याकडे कोणी ते करत नाही, असे ते म्हणाले. पाटण्याचे प्राणिशास्त्रज्ञ रवींद्रकुमार सिन्हा, ज्यांना या प्राण्याच्या अभ्यासासाठी २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेल याच कामी येते हे दाखवून दिले होते. मच्छीमाराला ‘मारू नको’ असे सांगताना त्याच्या हातात दुसरे काही तरी देणारे हे काम मला या विषयातील सर्वांत शहाणपणाच्या कामांपैकी एक वाटते.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी बाहेरून येणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर गंगेच्या पाण्यावर पूर्वी जमीनदारांची मालकी होती. तिला पानीदारी म्हणत, आणि नदीत जाळे टाकण्यासाठी मच्छीमारांना कर द्यावा लागे. त्याविरुद्ध १९८२ मध्ये याच कहलगावातून गंगा मुक्ती आंदोलन सुरू झाले आणि १९९० च्या सुमारास ती मालकी संपुष्टात आली. म्हणजे नदी मच्छीमारांसाठी मोकळी होणे आणि तीच नदी डॉल्फिनांसाठी अभयारण्य होणे, या दोन गोष्टी जवळजवळ एकाच काळात घडल्या. या इतिहासाची आठवण ठेवली नाही तर मच्छीमारांना केवळ नियम मोडणारे लोक समजण्याची चूक सहज होते. शिवाय माशांचा साठा घटण्याची मोठी कारणे त्यांच्या जाळ्यांत नाहीत. खाली फरक्का येथे १९७५ मध्ये बंधारा सुरू झाल्यावर समुद्रातून वर येणारा हिल्सा या पाण्यात दुर्मीळ झाला, आणि बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे पाडले तसे डॉल्फिनांच्या समूहांचेही तुकडे पडले. चाचांच्या वडिलांना कहलगावात मिळणारा हिल्सा त्यांच्या पुतण्याला फक्त ऐकून माहीत आहे.

अशा माणसाला डॉल्फिन दाखवण्यातून उत्पन्न मिळणे मला सर्वथा योग्य वाटते. कंबोडियात मेकाँग नदीवर क्रातिए प्रांतातील कांपी येथे स्थानिक नावाडी इरावदी डॉल्फिन दाखवतात, आणि कुंडात पोचल्यावर इंजिन बंद ठेवण्याची पद्धत तिथे आहे. त्या नदीत २०२० च्या गणनेनुसार केवळ ८९ डॉल्फिन उरले होते, त्यामुळे तिथे ही शिस्त किती निकडीची आहे हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडील स्थिती तुलनेने बरी आहे. गंगेतील डॉल्फिन २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला, २०२० मध्ये प्रोजेक्ट डॉल्फिनची घोषणा झाली, आणि २०२१ ते २०२३ या काळात झालेल्या सर्वेक्षणात देशातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन असल्याचा अंदाज २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यांपैकी २,२२० बिहारमध्ये आहेत. त्याच अहवालात पंजाबातील बियास नदीत सिंधू डॉल्फिन किती उरले आहेत, तो आकडा तीन आहे. चीनच्या यांगत्से नदीतील बैजी डॉल्फिनाचा २००६ मध्ये सहा आठवडे शोध घेऊनही एकही आढळला नाही. बिहारचा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

आता कहलगावच्या फेरीतील उणिवा. सुरक्षा-जॅकेटे मागितल्यावर मिळाली, आपणहून दिली गेली नाहीत. ती जुनी होती पण पट्टे ठीक होते. नावेपर्यंत उतरण्याची वाट उंच आणि चिखलाची आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना ती कठीण जाईल. स्वच्छतागृह नाही. पावती येथेही मिळाली नाही. संभाषण हिंदीत किंवा अंगिकेत होते, आणि लिखित माहितीचे एखादे साधे पत्रकही नाही. अभयारण्याच्या प्रशासनाने नावाड्यांची नोंदणी करून, त्यांना प्रशिक्षण देऊन, दर आणि नियम घाटावर लावले तर दोन्ही ठिकाणच्या बहुतेक तक्रारी संपतील. या फेरीला माझे साडेचार गुण. उरलेला अर्धा गुण जॅकेटांसाठी राखून ठेवला आहे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला, पण डिसेंबर-जानेवारीत धुके दाट असते आणि सकाळ वाया जाऊ शकते. पावसाळ्यात पाणी पसरते, डॉल्फिनही उपनद्यांत पांगतात, आणि नदी धोकादायक असते. दुर्बीण नेली तरी तिचा उपयोग कमी होतो, कारण पाठ दिसण्याचा अवधी एखाद्या सेकंदाचा असतो. नजर सैल ठेवून पाण्याचा मोठा भाग पाहत राहणे अधिक फलदायी ठरते. छायाचित्राचा नाद पहिल्या तासात तरी करू नये. भाडे ठरवतानाच विचारावे: कुंडात इंजिन बंद ठेवाल का, आणि पिल्लू दिसले तर लांब राहाल का? पैसे परत करण्याचे आश्वासन मिळाले तर ते नम्रपणे नाकारावे आणि डॉल्फिन न दिसताही पूर्ण भाडे देण्याची तयारी स्पष्ट सांगावी. माझ्या मते नावाड्याच्या वागण्यात सर्वाधिक फरक या एका वाक्याने पडतो. लहान मुलांना अवश्य न्यावे, मात्र दीड-दोन तास शांत बसण्याची त्यांची तयारी आधी करून घ्यावी.

उतरताना मी चाचांना पुढच्या खेपेचा महिना विचारला. त्यांनी नोव्हेंबर सांगितला, पण जागा सांगितली नाही. पुराने यंदा वाळू कुठे टाकली आणि कुंडे कुठे राहिली हे पाणी उतरल्यावरच कळते, तेव्हा आधी फोन करा, असे ते म्हणाले.